पावसाळा लागला की केळीच्या टिश्यू कल्चर बाटल्या का जातात? फ्युमिगेशनच्या आधी बाटली बघा

मृग निघाला की जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातल्या, केळीची रोपं बाटलीत वाढवणाऱ्या छोट्या लॅबवाल्यांचे फोन सुरू होतात आणि रडगाणं सगळ्यांचं एकच. दादा, उन्हाळ्यात सगळं बरं चाललं होतं, शेकड्याला दोन-चार बाटल्या जायच्या तेवढ्या, आता रॅकच्या रॅक काढून फेकायची वेळ आलीय, दोनदा फ्युमिगेशन (खोलीत औषधाचा धूर) केलं, लॅमिनार (गाळलेल्या हवेचं कामाचं टेबल) पुसून काढला, तरी तेच. आणि वेळ पण अशी नेमकी की विचारू नका. कांदेबागेची लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्याआधी पॉलिहाऊसमधलं प्रायमरी हार्डनिंग (रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणं) पाच-सहा आठवडे, मग शेडनेटमध्ये सेकंडरी जवळपास तेवढंच, म्हणजे ते रोप बाटलीतून बाहेर पडायला पाहिजे जून-जुलैतच, आणि नेमकं तेव्हाच हे सुरू. ऑर्डर घेतलेल्या, ॲडव्हान्स खर्च झालेला, आणि शेतकरी तिकडे वावर तयार करून वाट बघतोय.

तर मी पहिली गोष्ट सांगतो ती लोकांना आवडत नाही. फ्युमिगेशन थांबवा. कायमचं नाही, पण आत्ता थांबवा. फ्युमिगेशनने खोलीतली हवा आणि भिंती-टेबलं साफ होतात, बस. बाटलीत घाण जायचे रस्ते सहा-सात आहेत आणि त्यातला खोलीची हवा हा एक, आणि तुमचा रस्ता कोणता ते माहीत नसताना धूर करत बसलात तर पैसे जातात, दोन दिवस काम बंद राहतं आणि पुढच्या आठवड्यात परत तेच. फॉर्मॅलिन आणि पोटॅशियम परमँगनेटवालं जुनं फ्युमिगेशन अजून करत असाल तर ते तसंही बंदच करा, फॉर्मल्डिहाइडने माणसाला कॅन्सर होतो हे आता पक्कं झालेलं आहे, आणि लॅबमध्ये दिवसभर बसणाऱ्या त्या पोरी असतात, मालक नसतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचं फॉगिंग मिळतं, ते वापरा, पण ते सुद्धा कारण सापडल्यावर.

कारण सापडतं बाटलीत. रोज सकाळी जी ताई खराब बाटल्या वेचते तिला सांगा, क्रेट भरून सरळ डिस्कार्डला पाठवायची नाही, आधी टेबलावर मांडायची. बंदच ठेवायची हं, झाकण उघडायचं नाही, उघडलं की तुम्हीच बीजाणू घरभर केले. ट्यूबलाइटसमोर धरायची, तिरकी करायची, खालून बघायची. चार गोष्टी टिपायच्या: घाण कुठे उगवली, लावल्यापासून कितव्या दिवशी दिसली, बाटली कोणत्या ऑपरेटरच्या हातची, आणि मीडिया (रोप ज्यावर वाढतं तो अगारचा खाऊ) कोणत्या बॅचचा व माल कोणत्या मदरचा (ज्या कंदापासून सुरू झाला तो). आता शेवटच्या दोन गोष्टी कळायला बाटलीवर लिहिलेलं पाहिजे. बऱ्याच लॅबमध्ये मार्करने नुसती तारीख असते. तारखेवरून काही कळत नाही भो. मीडिया बॅच, ऑपरेटर नंबर, मदर नंबर, कितवा पॅसेज (म्हणजे कितव्यांदा कापून नव्या बाटलीत लावला), एवढं सगळं झाकणावर मावतं, मी मावलेलं बघितलंय.

हे तीन-चार दिवस केलं तरी चित्र दिसायला लागतं.

समजा रोपापासून लांब, मीडियाच्या मोकळ्या जागेवर किंवा काचेच्या कडेला कापसासारखे पांढरे, हिरवे, काळे ठिपके आहेत आणि ते चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसतायत, तर ती बुरशी, पेनिसिलियम, ॲस्परजिलस, क्लॅडोस्पोरियम यातलं काहीतरी, आणि ती बाहेरून पडलेली. रोपात नव्हती. आता बाहेरून म्हणजे कुठून, मीडिया बनवताना, थंड होताना, लॅमिनारमध्ये की नंतर रॅकवर, हे वेगळं करायला सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे कोऱ्या बाटल्या. प्रत्येक बॅचमधल्या काही बाटल्यांमध्ये काहीच लावायचं नाही, चार-पाच दिवस तशाच ठेवायच्या, आणि पूर्ण बॅचच तेवढे दिवस थांबवून मग वापरायची. कोऱ्या बाटलीत उगवलं तर ऑपरेटर पोरींना ओरडायचं काम नाही, दोष मीडिया रूमचा. कोऱ्या स्वच्छ आणि लावलेल्या खराब, तर मग लॅमिनार, हात किंवा माल. घाईच्या दिवसांत हे चार-पाच दिवस थांबणं जिवावर येतं हे कळतं मला, मीडिया आज झाला की उद्या लावायचा असतो, पण तसाच लावला तर मीडियासोबत रोपंही जातात.

कोऱ्या बाटल्यांमध्ये उगवत असेल तर सरळ ऑटोक्लेव्हकडे, म्हणजे मीडिया वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या कुकरकडे जा. इथे फसवणूक दाबाच्या काट्याची असते. काटा १५ पौंड दाखवतो आणि आपण समजतो आत १२१ डिग्री झालं. तसं नाही. १५ पौंडाला १२१ डिग्री तेव्हाच होतं जेव्हा आतली सगळी हवा निघून नुसती वाफ राहते. हवा अडकली तर काटा तोच पण तापमान कमी, अर्धीच हवा निघाली असेल तर ११२ च्या आसपास, आणि तेवढ्यात बॅसिलसचे बीजाणू मरत नाहीत, आरामात जगतात. म्हणून सुरुवातीला व्हॉल्व्ह उघडा ठेवून वाफ सणसणीत, सलग यायला लागेपर्यंत थांबायचं, फुसफुस येतेय तोवर बंद करायचं नाही. आणि लाइट जायच्या भीतीने लोक एका लोडमध्ये बाटल्या ठासून भरतात, वर-खाली तीन थर, मधून वाफ फिरायला जागाच नाही, त्यात एखादा लिटरचा फ्लास्क. छोट्या बाटलीला वीस मिनिटं पुरतात, लिटरच्या फ्लास्कच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायलाच जास्त वेळ लागतो, दोन्ही एका लोडमध्ये टाकले तर एक कच्चा राहणार नाहीतर दुसरा करपणार. मग कोणी म्हणतं चला तासभर ठेवू, सगळं मरेल. मरेल, पण साखर तुटते, पीएच खाली जातो, अगार नीट बसत नाही, मीडिया पिवळट पडतो आणि शूट (कोंब) नंतर रुसतात. पीएच आपण ५.८ ला लावतो तो ऑटोक्लेव्हनंतर थोडा उतरतोच, जास्त शिजवलं तर जास्त उतरतो.

ती पट्टेवाली टेप काळी झाली म्हणजे स्टेरिलाइज झालं असंही नाही, टेप फक्त एवढं सांगते की इथे उष्णता लागली. खरी परीक्षा घ्यायची तर जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंच्या पट्ट्या किंवा कुप्या मिळतात, लोडच्या मधोमध ठेवायची, नंतर ५५ ते ६० डिग्रीला उबवायची, रंग बदलला तर तुमचा ऑटोक्लेव्ह मारत नाहीये. महिन्यातून एकदा तरी करा, आणि गॅस्केट बदलल्यावर तर हमखास करा.

आता ऑटोक्लेव्ह चांगला असूनही कोऱ्या बाटल्या जातात, हे खान्देशात मी फार बघितलंय आणि याचं कारण आपलं ऊन. यावलकडच्या एका लॅबमध्ये मीडिया रूमच्या दारासमोर पॅसेजमध्ये मोठा डेझर्ट कूलर लावलेला होता, मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो तेव्हा माणसं तरी काय करतील. पण ऑटोक्लेव्हमधून काढलेली ट्रॉली थंड व्हायला उभी राहायची ती बरोबर त्या कूलरच्या झोतात. आता बाटली थंड होते तेव्हा आतली हवा आकसते आणि झाकणाच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि बाहेरची हवा म्हणजे कुठली, तर कूलरच्या ओल्या ताटीतून आलेली, जी ताटी मार्चपासून बदलली नव्हती, हात लावला तर बुळबुळीत, वास कुबट. कोऱ्या बाटल्यांमध्ये चौथ्या दिवशी हिरवे ठिपके. मे मध्ये थोडे होते, जूनमध्ये हवाच दमट झाल्यावर भरमसाठ झाले. त्यांनी ऑटोक्लेव्ह दोनदा दुरुस्त करून घेतला होता. कूलर हलवला, ट्रॉली बंद खोलीत, शक्यतो लॅमिनारच्या स्वच्छ हवेजवळ थंड व्हायला लागली, तेव्हा कोऱ्या बाटल्या साफ यायला लागल्या. तुमच्याकडे कूलर नसेल तर एसीचा ड्रेन ट्रे उघडून बघा, तिथेही असाच चिखल साठतो.

पावसाळ्यातल्या अजून दोन चोरवाटा याच जातीच्या आहेत. ॲप्रन. पाऊस चालू असतो, ॲप्रन वाळत नाहीत, पोरी सकाळी अर्धवट ओले, कुबट वासाचे ॲप्रन घालून लॅमिनारसमोर बसतात, म्हणजे बुरशी नाकासमोर घेऊन बसल्यासारखंच. दोन जोड द्या आणि इस्त्री करून द्या, इस्त्रीने निम्मं काम होतं. आणि कापसाचे बोळे अजून वापरत असाल तर ते ओले झाले की गाळण्याचं काम करत नाहीत, उलट ओल्या बोळ्यातून बुरशी वाढत वाढत आत उतरते. प्लास्टिकची झाकणं बरी, वरून क्लिंग फिल्मचा वेढा द्या.

लॅमिनारबद्दल थोडक्यात. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण तो फिल्टर काम करतो हवा नीट वेगाने आली तर, मिनिटाला साधारण ९० फूट. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ इतकी की प्रीफिल्टर गच्च होतो, आणि खेड्यावर संध्याकाळी व्होल्टेज पडलं की ब्लोअर हळू होतो, आवाज येत राहतो पण हवा नाही. प्रीफिल्टर दर आठवड्याला काढून धुवा, स्टॅबिलायझर लावा. यूव्ही ट्यूब निळी दिसते म्हणजे मारते असं नाही, तिची ताकद तासांगणिक उतरते आणि निळा उजेड तसाच राहतो, शिवाय धुळीखाली आणि सावलीत ती काही करत नाही. शंका असेल तर न्यूट्रिअंट अगारची प्लेट चालू लॅमिनारमध्ये अर्धा-एक तास उघडी ठेवा, झाकून दोन-तीन दिवस उबवा, काही उगवलं नाही तर लॅमिनार सोडून द्या, तो निर्दोष.

मग उरले हात आणि हत्यारं. रजिस्टरमध्ये एकाच ऑपरेटरच्या बाटल्या जास्त जात असतील तर तिच्या बाजूला बसून अर्धा तास नुसतं बघा, बोलू नका. बहुतेक वेळा हात उघड्या बाटलीवरून जातो, किंवा बोलताना मान आत जाते, किंवा एकाच कागदावर दहा बाटल्यांचा माल कापला जातो. पण सगळ्याच ऑपरेटरकडे दुधट बॅक्टेरिया दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येत असेल तर संशय स्पिरिटच्या डब्यावर घ्या. हे फार लोकांना पटत नाही, स्पिरिटमध्ये जंतू कसे जगतील म्हणतात. बॅसिलसचे बीजाणू जगतात, चांगले जगतात, बंगळुरूच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेत पायस थॉमस यांनी टिश्यू कल्चरमधल्या लपलेल्या बॅक्टेरियावर बरंच काम केलंय त्यात हे दाखवलेलं आहे. एका रोपाचा बॅक्टेरिया फोर्सेपवरून डब्यात, डब्यातून पुढच्या शंभर बाटल्यांत. आणि फोर्सेप स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवर भकन पेटवला म्हणजे झालं असं नाही, जळतं ते स्पिरिट, धातू तेवढा तापतच नाही. ग्लास बीड स्टेरिलायझर (तापलेल्या काचमण्यांचं भांडं) घ्या, २५० डिग्रीला पूर्ण तापू द्या, टोक दहा-पंधरा सेकंद आत धरा, फोर्सेपचे दोन-तीन संच ठेवा म्हणजे एक थंड होतोय तोवर दुसरा हातात. स्पिरिट रोज नवीन. पुसायला ७० टक्क्यांचं, जास्त कडक घेतलं तर चांगलं हा गैरसमज, थोडं पाणी असल्याशिवाय ते पेशीतल्या प्रथिनांवर नीट चालत नाही.

आता खरं दुखणं. ज्याच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो.

शूटच्या बुडाशी, बरोबर जिथे गठ्ठा मीडियाला टेकतो तिथे, एक बारीक दुधट कडं दिसतं. मीडिया बाकी सगळा काचेसारखा स्वच्छ. सुरुवातीचे दोन-तीन पॅसेज काहीच नव्हतं, चौथ्या-पाचव्यात अचानक आलं, आणि एका मदरच्या बाटल्यांमध्ये जास्त, शेजारच्या मदरच्या तशाच रॅकवर ठणठणीत. हा बॅक्टेरिया बाहेरून आलेला नाही, तो कंदासोबतच आला, केळीच्या आत राहणारा. बाहेरून तुम्ही सोडियम हायपोक्लोराइट लावा नाहीतर मर्क्युरिक क्लोराइड, तो पेशींच्या मधे, आत बसलेला, त्याला काहीच लागत नाही. एवढे दिवस दिसला का नाही? कारण आपला एमएस मीडिया, मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूसाठी बनवलेला, तो झाडाच्या पेशींसाठी आहे. क्षार भरपूर, पीएच आंबट, पेप्टोन नाही की यीस्ट एक्स्ट्रॅक्ट नाही, त्यात बऱ्याच बॅक्टेरियांना जोमाने वाढता येत नाही, ते गुपचूप बसतात. प्रत्येक पॅसेजला तुम्ही गठ्ठा कापता, जखमेतून रस बाहेर येतो, त्यावर ते थोडे वाढतात, तुमच्या चाकूवरून पुढच्या गठ्ठ्यात जातात, आणि कधीतरी संख्या इतकी होते की डोळ्यांना दिसतं. तोवर एका कंदाचे शेकडो झालेले असतात. त्यात ग्रोथ रूमचं (बाटल्या वाढवायच्या खोलीचं) तापमान २५ वरून ३० वर गेलं की ते उसळतात, म्हणून लाइट गेल्यानंतरच्या आठवड्यात हे जास्त दिसतं.

याला उपाय शोधायचा नसतो, शोधायचं असतं कोणत्या मदरमध्ये आहे ते. इंडेक्सिंग करा, म्हणजे प्रत्येक मदर तपासून बघा. व्हायरस इंडेक्सिंग वेगळं, ते तर करायचंच आहे, सीएमव्ही म्हणजे आपला हरण्या, बंची टॉप, स्ट्रीक, ब्रॅक्ट मोझॅक यांची तपासणी झाल्याशिवाय बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या २००६ च्या प्रमाणपत्र योजनेत रोपं बसत नाहीत. मी बोलतोय ते बॅक्टेरियाचं इंडेक्सिंग, घरच्या घरी होणारं. पहिल्या आणि दुसऱ्या पॅसेजला, प्रत्येक मदरच्या काही गठ्ठ्यांच्या बुडाची पातळ चकती लॅमिनारमध्ये कापायची, न्यूट्रिअंट अगारवर ठेवून थोडी घासायची, २८-३० डिग्रीला ठेवायची. दोन दिवसांत बघून फेकून देऊ नका, हळू वाढणारे असतात, आठ-दहा दिवस ठेवा. चकतीभोवती काही पसरलं तर ती मदर, तिचा सगळा वंश, बाद. एक कंद गेला तर वाईट वाटत नाही, पाचव्या पॅसेजला हजार रोपांची आशा धरलेली गेली की हात चालत नाही, आणि मग माणूस अँटिबायोटिककडे वळतो.

अँटिबायोटिकबद्दल स्पष्ट बोलतो. सेफोटॅक्सिम लिटरला २५० ते ५०० मिलिग्रॅम टाकतात, उष्णतेने ते निकामी होतं म्हणून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, मीडिया ५० डिग्रीच्या आसपास उतरल्यावर टाकावं लागतं, आधी टाकून ऑटोक्लेव्ह केलं तर पैसे वाफेत. ते टाकलं की कडं नाहीसं होतं, सगळे खूश. दोन पॅसेजनंतर साध्या मीडियावर आणलं की परत. बहुतेक वेळा बॅक्टेरिया मेलेला नसतोच, दाबलेला असतो, वर शूट पिवळे पडतात, वाढ खुंटते, आणि सतत वापरलं तर त्याला न जुमानणारे बॅक्टेरिया तुमच्या लॅबमध्येच तयार होतात. एखादी फार मोलाची मदर असेल, दुसरीकडून मिळणारच नाही, तर तिच्यासाठी वापरा, बाजूला ठेवून, नंतर परत इंडेक्सिंग करून. रोजच्या उत्पादनात घालू नका. सरळ सांगायचं तर ग्रँड नैन जातीच्या केळीचा कंद काय इतका दुर्मिळ आहे का आपल्या जिल्ह्यात?

कंद आणायची वेळ मात्र बदला. लोक काय करतात, पावसाळ्यात बागेत भरपूर मुनवे (बुंध्याशी येणारी पिल्लं) फुटतात म्हणून तेव्हाच काढतात, काळी माती चिकटलेली, पोंग्यात पाणी साचलेलं, दोन दिवस गोणीत बांधून ठेवलेले. हिवाळा संपता संपता किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला, कोरड्यात, तलवारी मुनवे काढा, रुंद पानांचे नको. मदर प्लांट वेगळ्या ठिकाणी नेटखाली ठेवा, पाणी ठिबकनेच, वरून फवारा नको, काढायच्या आधी काही दिवस पाणी कमी करा. लॅबमध्ये आणल्यावर माती धुऊन, बाहेरचे पापुद्रे काढून, एकदा कार्बेन्डाझिमच्या द्रावणात ठेवून, मग परत सोलून, मग स्टेरिलायझेशन, आणि लॅमिनारमध्ये परत एक-दोन पापुद्रे काढून आतला कोंब. एकदम मोठा गोळा जोरात धुण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने लहान करत नेलेला बरा. मर्क्युरिक क्लोराइड वापरत असाल तर ते पाणी मोरीत ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवून धोकादायक कचरा उचलणाऱ्यांनाच द्या, खालची विहीर तुमचीच आहे.

दोन गोष्टी कंटॅमिनेशन नसून तसं वाटतात, त्यामुळे चांगला माल फेकला जातो. मीडियात पांढरट धूसरपणा सगळीकडे सारखा, कोऱ्या बाटलीतही, आणि दिवसागणिक वाढत नाही, तर तो क्षारांचा साका, स्टॉक सोल्यूशन मिसळायचा क्रम चुकला, कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले. बॅक्टेरिया वाढतो, पसरतो, साका आहे तिथेच राहतो. दुसरं, नव्या लावलेल्या कोंबाभोवती मीडिया तपकिरी-काळा होणं, ते फिनॉल, केळी कापली की काळी पडतेच, त्याला कापल्याबरोबर ॲस्कॉर्बिक आणि सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवणं, पहिले काही दिवस अंधारात ठेवणं, लवकर ताज्या मीडियावर हलवणं हा उपाय.

आणि एक प्रकार असा की तीन आठवडे बाटली स्वच्छ, मग एकदम झाकणाच्या कडेपासून आत ठिपक्यांची वाकडीतिकडी ओळ. भिंगाने बघा, बारीक कोळी (माइट्स) किंवा थ्रिप्स आत शिरलेले असतात, ते चालतात तिथे बुरशी पेरत जातात. हे लॅबमध्ये येतात कपड्यांवरून, शेडनेटमध्ये जाऊन तसाच ग्रोथ रूममध्ये आलेल्या माणसासोबत, आणि तो माणूस नव्वद टक्के वेळा मालक स्वतः असतो. त्या रॅकच्या सगळ्या बाटल्या, स्वच्छ दिसणाऱ्या धरून, काढाव्या लागतात, रॅक पुसून काढायचा, शेडनेट आणि लॅबच्या चपला-कपडे वेगळे. सकाळी लॅब, मग शेडनेट, उलटं नाही.

ग्रोथ रूममध्ये लाइटीचा प्रश्न राहिलाच. लाइट गेली, एसी बंद, पण इन्व्हर्टरवर ट्यूबा चालू, हे काही ठिकाणी बघितलंय, म्हणजे खोली तापत राहते, बाटलीतली हवा फुगून बाहेर, लाइट आली की एसीने गार, बाहेरची हवा आत. दिवसातून तीन-चार वेळा असं झालं की बाटली अक्षरशः श्वास घेते आणि पावसाळ्यातल्या खोलीतली हवा आत घेते. जनरेटर एवढा मोठा परवडत नसेल तर लाइट गेल्यावर ट्यूबाही बंद राहतील असं वायरिंग करा, दोन-चार तास अंधाराने रोपांचं काही बिघडत नाही. जुन्या चोकवाल्या ट्यूबा काढून एलईडी लावल्या तरी उष्णता बरीच उतरते.

आत्ता ज्याच्या रॅकवर लागलंय त्याने एवढं करावं. नवीन मदर घेणं थांबवा, लावणं निम्म्यावर आणा. खराब बाटल्या बंद झाकणासकट ऑटोक्लेव्ह करूनच धुवायला द्या, उघडून मोरीवर रिकाम्या करायच्या नाहीत. बुरशीच्या बाटल्यांतलं काही वाचवायला जाऊ नका, वरून स्वच्छ दिसणारा शूट कापून नव्या बाटलीत लावायचा मोह होतो, त्यात बीजाणू येतातच. दुधट कड्याची मदर पूर्ण बाद. ज्या मदरचं इंडेक्सिंग साफ आहे ती सात-आठ पॅसेजच्या पुढे ओढून कांदेबागेची ऑर्डर भरून काढायचा विचार करत असाल तर तोही नको, पिढ्या वाढल्या की बुटकी, विचित्र पानांची झाडं निघतात आणि ती शेतकऱ्याच्या बागेत निसवणीच्या वेळी उघडी पडतात. ऑर्डर कमी भरेल, शेतकऱ्याला आत्ताच फोन करून सांगा, ऑगस्टमध्ये सांगितलं तर तो दुसरीकडून रोपं घेऊ शकत नाही आणि मग दारात येऊन बसतो.

कोणाला विचारायचं असेल तर नुसता झाकणाचा फोटो पाठवून "दादा हे काय आहे" असं विचारू नका. बाटली तिरकी धरून बुडाचा फोटो, पाठीमागे काळा कागद, लावल्याची तारीख, दिसल्याची तारीख, पॅसेज, मदर नंबर, आणि त्याच बॅचच्या कोऱ्या बाटलीचा फोटो. कोरी बाटली ठेवलीच नसेल तर आधी ती ठेवा, पाच दिवसांनी फोटो पाठवा.